कोणाचीही वहिवाट नाही

१२ जाने., सोमवार
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. घरी येऊन चष्मा घेतला, परत गेले, दोनदा वाचली. सरकारी बगीच्यामागचं रान पार्किंग आणि हॉटेलसाठी देणार. 'सदर जागा पडीक असून तिच्यावर कोणाचीही वहिवाट आढळून आलेली नाही.' महिनाभरात हरकत घ्या म्हणे.
शेजारच्या मंदाला वाचून दाखवलं. "वहिवाट म्हंजे?" म्हटलं, आपलं नेहमीचं जाणंयेणं, वापर. "मंग इतके वर्षं सरपण काय आभायातून आणलं का व?"
पडीक. मोह आहे, चारोळीचं चार आहे, टेंभुर्णी आहे. लिहिणारा गाडीतून उतरला तरी होता का.

१४ जाने., बुधवार
राग उतरत नाही. बगीचा झाला तेव्हा तारेची जाळी ठोकली, आमची वाट जाळीच्या आत गेली. तिथे आता तिकीट लागतं. नाल्याकडून वळसा पडतो म्हणून बायांनी जाणं कमी केलं. आधी वाट अडवायची, मग लिहायचं की कोणी जात नाही.
पण इथे तरी खोटं कशाला लिहू. मीही गेले नाही. हे वारले त्याला तीन मोसम झाले. मोहफूल वेचायला दोघं जायचो. एकटीचा पाय वळला नाही, आणि…

१८ जाने., रविवार
विहारात मीटिंग. पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून रानातून फेरी काढायची, फोटो हरकतीला जोडायचे. डोमाभाऊ पुढे चालणार. जन्मभर वनमजुरी केली त्यांनी, आता सत्तरी उलटली.
बल्लारपूरवरून सुषमाचा फोन. "आई, तू काऊन जाऊन राह्यली? वाघ आहे तिकडं." म्हटलं, वाघ दोन दिवस राह्यते आन जाते. हॉटेल जात नाई. पोरगी हसली, मग रागावली. बापावर गेली आहे.

२५ जाने., रविवार
फेरी झाली. गावातले पन्नास-साठ, चंद्रपूरहून पाठिंब्याला आलेले टोपीवाले दहा-बारा. त्यातली एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्हाला ट्रेक आवडतो?" म्हटलं, ट्रेक नाई बाई, सरपणाची वाट आहे. बिचारी ओशाळली. तिने वाईट मनाने विचारलं नव्हतं.
डोमाभाऊ झाडाझाडापाशी थांबत. "हा धावडा. हा बेहडा. हा बिबा, हात नोको लावू, फोड येईन."
नाल्यापलीकडे वाट सापडेना. रायमुनियाची झुडपं डोक्याइतकी माजलेली. भाऊ खाली बसले. "इथीच होती," म्हणाले. फोटोवाल्याने फोन खाली केला. लाज वाटली. नोटिशीत लिहिलेलं आमच्या डोळ्यांसमोर खरं होत होतं.
आमचा मोह वरून दिसत होता. त्याच्या रोखाने मी पुढे घुसले, मंदा विळा घेऊन मागे. पलीकडे निघालो. मोहाखाली घोट्याच्या वर पाला साचलेला. हे होते तेव्हा मोसमाआधी जमीन अंगणासारखी झाडून ठेवायचे.
तिथे थांबले नाही.

१० फेब्रु., मंगळवार
हरकत घेऊन तालुक्याच्या कार्यालयात. दोन तास बाकावर. साहेबाने फोटो पत्त्यांसारखे चाळले. "बाई, एक दिवस पिकनिकला गेल्याने वहिवाट होत नसते."
मंदा बोललीच. "साहेब, आमच्या पिकनिकले डोक्शावर मोळी असते."
फेरतपासणी करू म्हणाला. कधी ते सांगितलं नाही.
पिकनिक! येताना एसटीत डोक्यात तोच शब्द. त्याला जाळीचं विचारायचं राहिलं, ते आता सुचून काय उपयोग.
उद्यापासून रोज जाणार. कोणी येवो न येवो.

२ मार्च, सोमवार
रोज जातो. कधी सात-आठ बाया, कधी मंदा आणि मी. वाघाच्या भीतीने चांगलं उजाडल्यावर, डोमाभाऊ काठी आपटत पुढे. पायाखालची माती रुळून आता पांढरी दिसते. मोहाखालचा पाला झाडला, दोन दिवस लागले.
सरपंचाचा भाचा रस्त्यात भेटला. "काय काकू, रान नावावर करून राह्यल्या का?" मंदा म्हणाली, "नावावर नाई बापा, पायावर."

२४ मार्च, मंगळवार
फेरतपासणी. साहेब नाही, एक कारकून आला. वाट पाहिली, झाडलेली जमीन पाहिली, मोहफुलांच्या टोपल्या पाहिल्या. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं आणि म्हणाला, "करा सह्या."
म्हटलं, आधी वाचते. 'पायवाट आढळली. वापर कोणाचा हे समजून येत नाही.'
म्हटलं, वापरणारे समोर उभे आहेत, नावं लिहा.
"फॉर्मात जागा नाही, बाई."
म्हटलं, मागची बाजू कोरी आहे.
लिहायला लागला. मंदा, डोमाभाऊ, एकेक करत सगळे. शेवटी मी माझं सांगितलं, आणि मग यांचं, वडिलांच्या नावासकट. लग्नापासून यांचं नाव मी कधी असं चारचौघांत उच्चारलं नव्हतं.
"हे हजर आहेत?"
नाहीत. पण ही वाट त्यांनीही पाडली आहे.
त्याने पेन वर धरला. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. म्हणाला, "साहेबांना विचारतो," आणि फोन कानाला लावून गाडीपलीकडे गेला. साहेब फोन उचलेना. शेवटी यांचं नाव न लिहिताच कागद फायलीत घालून घेऊन गेला.
सगळ्यांच्या सह्या, अंगठे झाले आहेत. माझी सही मी केलेली नाही.