ऐकण्याचं लायसन

१२ जुलै १९५८

आज पुन्हा देवसिंगनं वायरलेसचं बटण सोडलं नाही! पन्नास वेळा सांगितलं — बोलताना दाब, ऐकताना सोड. दोघांना एकदम बोलता येत नाही, हा या यंत्राचा कायदाच आहे. पण आमच्या तांड्यात डोंगरावरून हाक मारली की उत्तर येईपर्यंत तोंडावरचा हात काढत नाहीत. तसाच हा बटण धरून बसतो! मी इकडे आर्णीत घसा फोडतो, त्याला अक्षर ऐकू जात नाही. मला मात्र सगळं — त्याचा खोकला, शेळ्या, खालची नदी. बॅटरी संपते ती वेगळीच.

धाकटा भाऊ आहे म्हणून. नाही तर कानाखाली ठेवून दिली असती.

१५ जुलै

टेकडीवर चढला तरच आवाज येतो. तांड्यातून नुसती खरखर. मन्सूर म्हणतो, "मालक, मधात टेकडी आली का खलास. लष्कराच्या भंगारातले सेट, चालू करून देल्ले हेच लय झालं."

तोच मिस्तरी, तोच माझ्या ट्रकचा ड्रायवर. गेल्या पावसाळ्यात नदी ओलांडताना उतारावर ट्रकसकट वाहता वाहता वाचला. इथं आभाळ कोरडं, अन् पाणी वरून आलं! तांड्याजवळचं पाणी उतारावर पोचायला तासभर लागतो. म्हणून तर हे दोन सेट — देवसिंगनं वरून पाणी पाहून सांगायचं, मी इकडे ट्रक थांबवायचा.

२१ जुलै

पोस्टमास्तर पुंडलिकरावांपुढं माझं रेडिओचं लायसन ठेवलं. चष्म्यावरून हसले. "भावसिंगभाऊ, हे ऐकाचं लायसन आहे. बोलाचं दिल्लीहून येते." कधी? "येईन तवा येईन."

वा रे कायदा! कान मोकळे, तोंड बंद! अर्ज टाकला. सेट कुठून आणला, सगळं खरं लिहिलं. गाढवपणा!

२ ऑगस्ट

अर्जाचं उत्तर आलं — पोलीस ठाण्याचे जमादार विठ्ठलराव! सेट जप्त. "दुसरा कुठं हाये?" मी म्हटलं, बिघडला, फेकला. "बरं," म्हणाले. पटलं नाही, ते त्या 'बरं'वरूनच कळलं.

लहानपणी मालाच्या बैलांमागं चालत होतो, तिथून स्वतःच्या ट्रकपर्यंत आलो. आजवर माझी एक वस्तू ठाण्यात गेली नव्हती!

४ ऑगस्ट

मन्सूरच्या हाती निरोप धाडला — सेट गेला, टेकडीवर चढू नको. देवसिंगचं उत्तर: "पाणी काय लायसन पाहून येते? मी बाजाराच्या दिवशी हाक मारीन. कोणी आयको, नाही तं नको आयको."

या मूर्खाला काय म्हणावं! बाजाराला ट्रकमध्ये तीस माणसं असतात. मन्सूरला सांगितलं, काठावर थांब, पाणी पाहा, मग घाल. पाहून काय कळणार, कपाळ! रागानं जेवलो नाही.

९ ऑगस्ट

बाजार. जमादार सायकल दामटत दारात — "भाऊ, गाणे लागते का म्हणून खटका दाबला, तं कोणी वरडून राह्यला! तुमची बोली मले समजत नाही. चाला!"

ठाण्यात जाऊन सेटला कान लावला. देवसिंग. अन् त्याच्या मागं नदी — अशी कधी ऐकली नव्हती.

त्यांच्याच सायकलवर उतार गाठला. ट्रकची पुढची चाकं पाण्यात होती. मागं घ्यायला लावला. लोकांनी शिव्या दिल्या. अर्ध्या तासात उतार दिसेनासा झाला.

१० ऑगस्ट

जमादार म्हणाले, सेट ठाण्यातच राहील. "बाजाराच्या दिवशी येत जा. ऐकाचं लायसन हाये ना तुमच्यापाशी? मंग ऐका. बोलाचं नाही."

बोलायचं कोणाला आहे! देवसिंग बटण सोडतो कुठं.