चार आणि चाळीस

प्रिय काडी,

हे नाव आता तुला शोभत नाही, ठाऊक आहे. मागच्या फोटोत चांगली गरगरीत दिसतेस, बघून बरं वाटलं. पण हॉस्टेलमध्ये तू काडी आणि मी पेटी, आपण दोघी वॉर्डात शिरलो की मेट्रनबाई म्हणायच्या, "आली काडीपेटी, आता कुठंतरी आग लागणार." बावीस वर्षांनीसुद्धा पत्राच्या वर दुसरं काही लिहायला हात वळत नाही. फोनवर बोलता आलं असतं. दोनदा लावलाही, पण दोन्ही वेळा तुझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि ठेवून दिला. म्हणून कागद घेतला.

इथे येऊन दीड वर्ष झालं. वृद्धांच्या निवासात मी मदतनीस आहे, हे तुला माहीतच आहे. चादरी बदलायच्या, आंघोळी घालायच्या, घास भरवायचे. कामाची मला लाज नाही; पहिल्या वर्षी आपण दुसरं काय करत होतो? पण इथल्या नर्सिंग परिषदेनं आपली पदवी मान्य करेपर्यंत मला साधी तापाची गोळीही द्यायची मुभा नाही. परवा एक निवृत्त शिक्षिका जेवताना धापा टाकायला लागल्या. पाय सुजलेले, मानेची शीर वर आलेली. हृदय दमलंय हे मला दारातूनच कळलं. पण मी करायचं काय, तर तेवीस वर्षांच्या नर्सला हाक मारायची आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. पोरगी गुणाची आहे. मी हळूच म्हटलं, "आधी उशीला टेकवून बसतं करा," तिनं तसंच केलं आणि नंतर विचारलं, "तुम्हाला हे कसं ठाऊक?" सतरा वर्षं वॉर्ड सांभाळला म्हटल्यावर बिचारी ओशाळली.

तर ती मान्यता. भाषेच्या परीक्षेत दुसऱ्या खेपेला पास झाले. मग त्यांनी कुठल्या विषयाचे किती तास शिकलो, कुठल्या वॉर्डात किती दिवस काढले, सगळं मागितलं. आपलं प्रशिक्षण केंद्र केव्हाच दुसऱ्या संस्थेत विलीन झालेलं, जुनी दप्तरं गोदामात. तू रजा टाकून चार दिवस त्या कचेरीत बसलीस, धूळ खात माझी पानं शोधून काढलीस आणि पाकिटावर मोहोर बसेपर्यंत हलली नाहीस. मी आभार मानले तेव्हा म्हणालीस, "जास्त शहाणपणा करू नकोस."

पाकीट पोहोचलं का, हे विचारायला तिथल्या म्हाताऱ्या कारकुनांनी मला फोन केला. भला माणूस. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीला इथली पायरी न् पायरी पाठ आहे हो. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या कागदांसाठी अशाच बसल्या होत्या. त्यांचंही पाकीट मीच पाठवलं. पण तो लाल शाईतला शेरा होता ना, तिकडून नकार आला."

तू परदेशासाठी अर्ज केला होतास? मला तर तू म्हणाली होतीस, "आईला सोडून कुठं जाऊ? मला इथलीच हवा मानवते." आणि मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

त्या शेऱ्याबद्दल आपण बावीस वर्षांत एकदाही बोललो नाही. आज मला लिहू दे. दुपारची पाळी होती, पाळ्या बदलायची घाई. कोपऱ्यातल्या खाटेवर ते शिंपी होते, साखरेच्या दुखण्याचे. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलेलं, चार युनिट. चाराच्या पुढं युनिटचं इंग्रजी अक्षर, पण ते वरून इतकं मिटलेलं की शून्यच वाटावं. मी चाळीस भरलं. मीच भरलं आणि मीच टोचलं. तक्त्यावर सही तेवढी तू केलीस, कारण मी पुढच्या खाटेकडे धावले होते आणि आपण एकमेकींच्या कामापुढं सर्रास आपली सही ठोकायचो. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला, ते भलतंच बरळायला लागले. ते आधी तुझ्या ध्यानात आलं. तू साखरेचं पाणी पाजलंस, डॉक्टरांना ओढत आणलंस. म्हणून ते वाचले.

मेट्रनबाईंनी तक्ता समोर धरला आणि विचारलं, "सही कुणाची?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "माझी. माझ्याच हातून झालं." नंतर कपडे वाळत घालायच्या गच्चीवर मी रडत होते, तेव्हा तू मला झापलंस. "तुला आधीच एक तोंडी ताकीद मिळालीय. आता घरी पाठवलं तर तुझे काका महिन्याभरात तुला उजवून मोकळे होतील. मला फार तर सहा महिने थांबवतील. डोळे पूस." तुला सहा महिने थांबवलंच, वर नावापुढं लाल शाईत शेरा मारला. मी तुझ्या आधी पास झाले आणि पेढेसुद्धा वाटले. शिंपी घरी गेले ते "त्या काडीनं मला मारलंच होतं" असं वॉर्डभर सांगत. मी शेजारच्या खाटेची चादर ओढत होते. ऐकलं आणि चादर ओढत राहिले.

इथल्या अर्जाच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे. तुमच्या कामाबद्दल किंवा सचोटीबद्दल आम्हाला कळायला हवं असं काही आहे का? मी "नाही"वर खूण केली होती. कागदोपत्री ते खरंही होतं, माझी पाटी कोरी. कारकुनांचा फोन आल्यावर आठ दिवस ते पान पिशवीत घेऊन हिंडले. मग सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं लिहून काढलं आणि पाठवलं. ह्यांना आधी विचारलं नाही, नंतर फोनवर सांगितलं. "लेकीला तिकडच्या शाळेत घालायचं ठरवून बसलोय आपण. रुग्ण वाचला, तिचं बरं चाललंय, आता कशाला उकरून काढतेस?" म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पाठवलंस ना? मग आता जेवून घे." तेवढ्यानं मला धीर आला.

गेल्या मंगळवारी परिषदेनं बोलावलं. तिघं समोर बसले होते, मधल्या बाई स्वतः जुन्या नर्स. ओरडल्या वगैरे नाहीत. एवढंच विचारलं, "बावीस वर्षं गप्प होतात, आज का?" मी घोकून गेलेलं सगळं विसरले. म्हटलं, "तिचं काहीच बिघडलं नाही, असं मी धरून चालले होते." त्यांनी ते लिहून घेतलं. माझी फाईल थांबवली आहे. कदाचित मान्यता मिळेल, कदाचित ह्या निवासातच चादरी बदलत राहीन. खोटं नाही सांगत, काडी, भीती वाटते. पण परवा आरशात केस विंचरताना स्वतःकडे सरळ बघितलं, ते बऱ्याच दिवसांनी.

आता हे पत्र का, ते सांगते. आपल्या केंद्राकडे मी प्रतिज्ञापत्र पाठवलं आहे, तुझ्या नावापुढचा तो शेरा काढावा म्हणून. आणि पंधरा दिवसांत इथल्या परिषदेचं टपाल तुझ्या हाती पडेल. त्यात एकच गोष्ट विचारलेली असेल: इंजेक्शन कुणी दिलं? मी तुला ओळखते. पाकीट फोडशील, माझी लेक आठवेल, माझी दीड वर्षं आठवतील, आणि पेन उचलून पुन्हा तेच लिहिशील जे मेट्रनबाईंना सांगितलं होतंस. तसं करू नकोस. मी रागावेन असं म्हणायचा मला अधिकार नाही, म्हणून पाया पडून सांगते. ह्या वेळी माझं नाव लिही.

तुझीच,
पेटी