मावलीच्या वाटेवरचे गुडघे

निर्मळ,
४ नोव्हेंबर १९८५

प्रिय रेजी,

प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं इथे बरे आहोत. तुमची सगळ्यांची खुशाली तुझ्या पत्रातून कळली.

तुला आठवतं का, बोर्डिंगमध्ये सकाळच्या प्रार्थनेनंतर आपण चॅपलच्या मागच्या पायरीवर बसून एकमेकींचे गुडघे बघायचो? काथ्याच्या चटईची नक्षी जिच्या गुडघ्यांवर जास्त ठळक, ती त्या दिवशीची जास्त पुण्यवान. तू नेहमी हरायचीस, कारण तू अर्धी प्रार्थना टाचांवर बसून करायचीस. मग नाश्त्याची घंटा व्हायची आणि पुण्य पायरीवरच टाकून आपण पावासाठी पळायचो.

त्याच गुडघ्यांनी मला या वर्षी फार छळलं. परवा मृतांच्या दिवशी आपण आईबाबांच्या कबरीवर फुलं घालतो ना, तेव्हा सगळ्यांनी गुडघे टेकले आणि मी एकटी उभी राहिले. पण आता मी समाधानात आहे. ते कसं, हेच लिहायला बसले आहे.

आधी एक दुरुस्ती. तुझ्या भावजींनी, फ्रान्सिसनी, तुला सप्टेंबरात कळवलं होतं की सणाच्या दिवशी मला चर्चमध्ये चक्कर आली. ते मीच त्यांना तसं लिहायला लावलं. चक्करबिक्कर काही नव्हती. माझा एक नवस होता, मावलीच्या, प्रभूच्या आईच्या, सणाला चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जायचं. तो माझ्याकडून पुरा झाला नाही.

गुडघे उन्हाळ्यापासूनच कुरकुरत होते. खाली बसलं की उठताना पलंगाचा पाय धरावा लागायचा. मला वाटलं, शाळेतली नोकरी संपल्यापासून आपण आळसावलो, गुडघे तेवढे मजबूत करायला हवेत. आणि मजबूत करायला मला काय येतं? बोर्डिंगचं ड्रिल. मी ड्रिलची लीडर होते हे माझ्या डोक्यातून काही अजून गेलेलं नाही. मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि उड्या, बैठका, जागच्या जागी धावणं, सगळं तोंडाने आकडे मोजत. एक दिवस फ्रान्सिस दाराबाहेरून म्हणाले, “क्लेमी, तू आत मसाला कुटतेस ना? मग मला ठसका कसा लागत नाही?”

गुडघे सुजले. मी समजले, व्यायाम लागू पडतोय.

मग कुणी सांगितलं की पाण्यात चाललं तर गुडघ्यांवर भार येत नाही. हे खरंही आहे. पण मी ते करायला उतरले कुठे, तर वाडीतल्या बावखलात. कंबरभर पाणी, वर शांत, खाली गाळ. चार पावलं गेले आणि दोन्ही पाय रुतले. शेजारच्या वाडीतली बायजा फुलं खुडत होती, तिने काठावर येऊन हात दिला. ओढता ओढता म्हणते, “टीचर, म्हशीला पन आमी कडेकडेनंच नेतो. तुमी मधी कशाला गेल्या?” तिने हे कुणाला सांगितलं नाही असं ती म्हणते. पण दुसऱ्या दिवशी दूधवाला मला बघून हसला.

सणाच्या दिवशी मी दारापाशी गुडघे टेकले. थोडं अंतर गेले. पण बाकांच्या मध्यावर आले आणि उजवा गुडघा अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. बायजा दर वर्षी मावलीला हार आणते, ती माझ्या मागेच होती. तिने आणि फ्रान्सिसनी धरून मला बाकावर बसवलं. मी रडत होते. बायजा पदराने माझं तोंड पुसत पुटपुटली, “बसलेल्या बाया पन मावलीला दिसतात हो.”

मला ते ऐकू आलं, पण आत गेलं नाही. त्या दिवसापासून भुसावळचा शिक्का असलेलं तुझं प्रत्येक पत्र मी आधी फ्रान्सिसना उघडायला लावायचे. त्यांना वाटलं, माझा चष्मा बदलायला झाला.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. हो रेजी, तुझ्यासाठीच.

गेल्या वर्षी तुला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा तुझे यजमान खाली औषधं आणायला गेले होते. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून बोलले, “माझ्या रेजीला बरी करून घरी पाठव, पुढच्या सणाला मी दारापासून गुडघ्यांवर येईन.” त्या आजाराचं नाव तेव्हा आपल्या घरात कुणी घेतलं नाही. मीही आज लिहीत नाही. तू घरी गेलीस, पत्रं लिहू लागलीस, मुलांवर रागावू लागलीस. मावलीने तिचं केलं. मी मात्र अर्ध्या वाटेवर बसले. मग उरलेल्या अर्ध्याचं काय, हा विचार मला जेवू देईना. तुझ्या पत्रात “थोडा थकवा आहे” असं असलं, की मी त्या वाक्याकडे बघत बसायचे.

नवस कशासाठी होता, हे फ्रान्सिसना ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होता फक्त सुजलेला गुडघा. त्यांनी मला वांद्र्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयाची झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही, आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे पाठवलं. तिचं नाव लूर्डस. केस बारीक कापलेले, बोलणं चटचट.

“आंटी, वय काय?”

“साठीला आले.”

“आणि व्यायाम सोळाव्या वर्षाचा?”

उड्या-बैठकांचं मी तिला आधीच सांगून बसले होते. शाळेत मी मुलींना असंच विचारायचे.

तिने जे शिकवलं ते बघून मला आधी वाटलं, ही माझी चेष्टा करतेय. खुर्चीवर ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, जरा धरून ठेवायचा आणि हळूहळू खाली आणायचा. पलंगावर आडवं होऊन गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने दाबायची. बस्स. उड्या बंद, पूर्ण बैठक बंद. चालायचं ते सपाटीवर, चप्पल नीट बांधलेली. कळंबच्या किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत नको. मी विचारलं, “याने काय होणार?” ती म्हणाली, “गुडघ्याला मजबूत करता येत नाही आंटी, त्याच्या आजूबाजूच्या स्नायूंना करता येतं. ते भार उचलतील.” आणि एक नियम सांगितला. व्यायामाने थोडं दमायला होणं ठीक, पण दुसऱ्या दिवशी सांधा सुजला तर कालचं जास्त झालं असं समजायचं. मसाला कुटण्याची आठवण होऊन मी हसले.

ऑक्टोबरात तुझं पत्र आलं, तपासणीत सगळं स्वच्छ निघालं, आता वर्षातून एकदाच जायचं. फ्रान्सिसनी ते मोठ्याने वाचलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. आनंद झाला, पण पुरता झाला नाही. मग दुसऱ्या दिवशी मी फादर ॲन्सेल्मकडे गेले आणि सगळं सांगितलं.

फादर ऐकून घेत होते. मग म्हणाले, “बाई, तुमच्या वर्गात एखादी मुलगी लंगडत आली, तर तिला तुम्ही पळायला लावलं असतंत?”

“नाही, फादर.”

“मग मावली तुमच्याहून कडक शिक्षिका आहे असं वाटतं तुम्हाला?”

ते म्हणाले, “तुमचा नवस मी बदलून देतो. मला तेवढा अधिकार आहे. गुडघ्यांवर चालायचं नाही. त्याऐवजी दुपारी सभागृह उघडा आणि गावातल्या बायकांना त्या खुर्चीवरच्या कसरती शिकवा. किती जणी भिंत धरून मिस्साला येतात, ते मी वेदीवरून बघत असतो. आणि हो, माझ्या आईलाही न्या. ती मला जुमानत नाही.”

रेजी, मी बाहेर येऊन चिंचेखाली बसले आणि पहिल्यांदा तुझ्या पत्राचा आनंद केला. रडलेही. पण ते रडणं वेगळं.

आता आमचा वर्ग भरतो. सभागृहात खुर्च्या मांडायच्या, दार उघडं. बायजाही येते. पहिल्या दिवशी म्हणाली, “आमी बसलो का सासू आळशी म्हनायची. आता बसायला पन शिकवनी?” पण पाय सगळ्यात सरळ तिचाच होतो. चर्चच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये युजीनची व्यायामशाळा आहे, मुलगे तिथे वजनं उचलतात. तिथे कुणीतरी कुवेतहून पाठवलेली जागच्या जागी फिरणारी सायकल आहे. गुडघा फार दुमडू नये म्हणून युजीनने तिची सीट उंच करून दिली आणि दुपारची वेळ बायकांसाठी मोकळी ठेवली. परवा फादरच्या आई तिच्यावर बसल्या. बराच वेळ पॅडल मारून झाल्यावर म्हणतात, “एवढ्यात आगाशी गाव तरी यायला हवं होतं.”

गुडघे पूर्ण बरे झालेत असं नाही. थंडीत सकाळी अजून अडखळतात. पण जिना मी कठडा धरून एकटी चढते, आणि रात्रीची प्रार्थनेची माळ खुर्चीवर बसून म्हणते. लाज वाटत नाही.

आता तुझं. ऑपरेशनपासून तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून तू इकडे यायचं टाळतेस. तू लिहिलं नाहीस. पण केस तू मुलीकडून विंचरून घेतेस हे तिनेच मला गेल्या नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. मी लूर्डसला विचारलं, माझी एक ओळखीची बाई आहे, तिच्यासाठी. ती म्हणाली, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, कोळी चढतो तशी, आणि दुखायला लागलं की थांबायचं. ओढाताण करायची नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारून मगच सुरू कर. मी विचारल्याशिवाय केलं त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

युजीन पुढच्या आठवड्यात वजन उचलण्याच्या स्पर्धेला पंच म्हणून भुसावळला येतोय. त्याच्याबरोबर एक गाठोडं देत आहे. त्यातली वाळवलेली सुकेळी मुलांची. त्यातली मऊ मऊ आधी तुझ्या सासूबाईंना दे, त्यांच्या दातांना ती चालतील. वाळूच्या दोन छोट्या पिशव्या शिवल्या आहेत, त्याही सासूबाईंच्याच गुडघ्यांसाठी, घोट्याला बांधून पाय सरळ करायला. सासूबाई आधी रिकाम्या पायाने शिकल्या की मगच, आणि तू त्या हातात धरू नकोस. द्राक्षांची वाइन तुझ्या यजमानांची, हॉस्पिटलातल्या त्या दिवसाच्या धावपळीसाठी. त्यांना तेवढंच सांग.

दोरी आणि लाकडी कप्पी युजीनने तुझ्यासाठी केली आहे. दारावर टांगायची, आणि चांगल्या हाताने दोरी ओढून दुसरा हात हळूच वर न्यायचा. आणि कागदात गुंडाळलेली मोठी मेणबत्ती आहे, ती मावलीची. तिथल्या चर्चमध्ये तू लाव. उभ्यानेच लाव, उजव्या हाताने, जेवढा वर जाईल तेवढा वर नेऊन.

आपण दोघी अजून आहोत, या आनंदात,

तुझी,
क्लेमी