आडावरचे गुरुवार

बोरगाव,
रविवार, ता. ७ ऑगस्ट १९३८

प्रिय अप्पासाहेब यास रवळूचा सप्रेम नमस्कार.

इकडे सारे खुशाल. तुमची काळी म्हैस व्याली, रेडी झाली. आण्णाप्पा काकांचा गुडघा पावसानं धरलाय, पण तोंड तसंच चालू आहे. बायाक्कांनी लेकासाठी म्हणून मेतकूट केलंय, पुण्याला कोणी जाणारं भेटलं की धाडतो.

माझ्या नोकरीला तीन महिने झाले. मास्तरांच्या अंगावर पुस्तक टाकून कॉलेज सोडलेल्याला याहून काय मिळणार? तू त्या दिवशी दारापर्यंत मागं आलास, "रवळ्या, माफी माग रं, दोन शब्दांचं काम हाय," म्हणत माझा हात धरलास, आणि मी तुझाही हात झटकला. ते आठवलं की अजून कान तापतात. हल्ली कोणावर तापतात ते मात्र नीट कळत नाही. तरी तूच वडिलांना चिठ्ठी लिहून मला इथं काकांचा आधार मिळवून दिलास. कंग्राळीला आमच्या बापानं तर उंबऱ्यातूनच परत लावलं होतं.

काम सोपं आहे. घरोघरचे आड, रांजण, डोणी बघायच्या. पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत पाणी काढायचं, डासांच्या अळ्या मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर सोडायचा. अळीला श्वासाला वर यावं लागतं. वर तेल असलं की ती गुदमरते, आणि हिवताप पसरवणारा डास जन्मालाच येत नाही. गावानं माझं नाव 'डासांचा तलाठी' ठेवलंय. परवा एकजण कट्ट्यावरून ओरडला, "ओ तलाठी, माझ्या माजघरात बावीस डास हायती, त्यांचा उतारा काढून द्या की!" मी त्याची पाण्यानं भरलेली डोण लाथेनं उलथी केली. त्यानं मला उलथं केलं असतं, पण काका मधे पडले. म्हणाले, "लेका, डास मारायला आलाईस का माणसं?"

तुमच्या जैन देवळाच्या, बस्तीच्या गल्लीत तेल चालत नाही. तुला ते नवीन नाही, मला होतं. मी पहिल्यांदा तेलाचा डबा घेऊन परसात शिरलो तेव्हा तुझी धाकटी बहीण, जयवंता, आडाच्या कट्ट्यावर आडवी उभी राहिली. "पाण्यातला जीव आमच्या आडात मारायचा न्हाय." ती पाणी शेंदते, दुहेरी फडक्यानं गाळते, मग फडकं उलटं करून त्यावरचं सारं गाळलेल्या पाण्यानं एका तांब्यात उतरवते. तांब्याच्या बुडाला दुसरी दोरी. तो अलगद खाली सोडायचा, पाण्याला टेकला की दुसरी दोरी ओढून पालथा करायचा, म्हणजे उंचावरून पडून एकही जीव दुखावत नाही. याला तुम्ही जिवाणी म्हणता. मी दर गुरुवारी अळ्या मोजतो आणि ती त्याच अळ्या परत घरी पोचवते. "मोजून झाल्या न्हवं? आणा हिकडं," म्हणून ताटली माझ्या हातातून घेते. कॉलेजात जीवशास्त्र शिकलो, पण अळीला कोणी इतक्या मायेनं दोरीवरून उतरवताना पाहिलं नव्हतं.

यावर मी तोड काढली आहे. आमच्या हिवताप खात्याच्या साहेबांना लिहिलं की आडावर लाकडी झाकण, त्याला तारेची जाळी आणि वर हातपंप बसवू. डासाची मादी आतच जाऊ शकली नाही तर अंडी कुठं घालील? कोणी कोणाला मारायला नको. झाकणाला जिवाणी सोडण्यापुरतं वीतभर दार ठेवायचं, ते चित्र मीच काढून दिलं. काका म्हणाले, "जीव मरत न्हाय न्हवं? मग बसवा की." मंजुरी अजून वरून आलेली नाही. सरकारी काम, तुला ठाऊक आहे. आली की लगेच बसवून घेतो.

जयवंताची सुपारी कोगनोळीला फुटली, ते काकांनी तुला कळवलंच असेल. मार्गशीर्षात लग्न. स्थळ चांगलं आहे म्हणतात. मी मुलगा पाहिलेला नाही. कोगनोळी माझ्या हद्दीत येत नाही.

अभ्यास कर. माझ्यासारखा होऊ नकोस.

तुझाच,
रवळू


बोरगाव,
रविवार, ता. १८ सप्टेंबर १९३८

प्रिय अप्पासाहेब यास सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस.

बायाक्कांनी पर्युषणात दहाही दिवस उपास केले. दिवसातून एकदा उकळून निवलेलं पाणी, बाकी काही नाही. पारण्याला सारी गल्ली लोटली होती. मला म्हणाल्या, "रवळू, तू जेव आदी, तुला भूक लई. सूर्य बुडला की आमच्यात ताट न्हाय मिळायचं." माझ्या आईनंतर माझ्या भुकेचं कोणी बोललं नव्हतं.

आता त्यांना थोडी कणकण आहे. एक दिवसाआड थंडी वाजून येते, मग ताप, मग घाम फुटून उतरतो. उपासाचा शीण आहे असं सगळे म्हणतात, तसंच असावं. काळजीचं कारण नाही, परीक्षा टाकून येऊ नकोस. मी निपाणीहून तापावरचं कोयनेल आणलं. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, उद्या या. मी टेबलावर अशी थाप मारली की दौत सांडली. कोयनेल मिळालं. बायाक्का गोळी तोंडात धरून म्हणाल्या, "ह्याच्यापरास ताप गोड."

जयवंतालाही दोनदा थंडी वाजून आली. ती कोणाला सांगत नाही. गुरुवारी आडाचा दोर धरून उभी होती आणि दोर थरथरत होता, म्हणून मला कळलं. दर वेळी विचारते, "झाकण कवा येनार?" मी म्हणतो, पुढच्या गुरुवारी. ती म्हणते, "तुमचा गुरुवार लई लांबचा हाय बघा."

आडाच्या पाण्याचं तू विचारलंस. ठीक आहे.

इथं पाऊस ओसरला, तंबाखूची रोपं लागली. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझाच,
रवळू


बोरगाव,
रविवार, ता. ६ नोव्हेंबर १९३८

प्रिय अप्पासाहेब,

खुशाली विचारून पत्राला सुरुवात करतात. माझ्यानं आज ते होत नाही. हे पत्र खोलीचं दार लावून, एकटा असताना वाच.

बायाक्का गेल्या, तू आईच्या दिवसांना आलास, पंधरा दिवस राहिलास. जाताना मोटारीपाशी माझ्या गळ्यात पडलास आणि म्हणालास, "रवळ्या, मी लेक असून नव्हतो, तू होतास. कोयनेलसाठी सायकल मारत गेलास. तुझे उपकार कसे फेडू?" मोटार गेली तरी मी तिथंच उभा होतो. पावसात चिखलातून ढकलत आणलेली सायकल, ती सांडलेली दौत, सगळं खरं आहे. त्याच्या आधीचं मी तुला सांगितलं नाही.

झाकणाची मंजुरी ४ ऑगस्टची आहे. पाच तारखेला ती माझ्या हातात पडली. ७ ऑगस्टला तुला 'अजून आलेली नाही' असं लिहीत होतो तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता. निपाणीच्या सुताराला फक्त तो दाखवायचा होता. लाकूड कापून तयार होतं. दोन दिवसांत झाकण बसलं असतं.

का दाखवला नाही, ते लिहितो. झाकण बसलं की तुमचा आड माझ्या वहीतून उडाला असता. तुमच्या परसात यायला मला दुसरं कारण नव्हतं. मी मराठ्याचा पोर, तुझा मित्र, इतकंच. सोप्यात बसून काकांशी पावसाचं बोलावं आणि परत फिरावं. आडावर मात्र दर गुरुवारी ती समोर असायची. ती ताटली हातातून घ्यायची. तिची सुपारी फुटल्यापासून मी गुरुवार मोजत होतो, मार्गशीर्षापर्यंत किती उरले ते. आज एक गुरुवार जाऊ दे, पुढच्याला सुताराकडं जाईन, असं दर वेळी अगदी मनापासून म्हणायचो. तिला माझ्या मनातलं कधी बोललो नाही. तिनंही कधी मान वर करून नको तसं पाहिलं नाही. तिच्यावर कसला संशय घेऊ नकोस. हे सगळं माझ्या एकट्याचं आहे.

पहिल्या गुरुवारी ताटलीत चार अळ्या होत्या. सहाव्या गुरुवारी एकतीस. सरकारी वहीत मी तीन लिहिल्या, खरा आकडा माझ्या वेगळ्या वहीत, कारण एकतीस लिहिल्या असत्या तर साहेबांनी विचारलं असतं, झाकणाचं काय झालं? आणि जयवंतानं त्या एकतीस माझ्यासमोर तांब्यातून खाली उतरवल्या. तिला वाटलं जीव वाचवते आहे. मला ठाऊक होतं त्यांना पंख फुटणार. हिवतापाच्या डासाची अळी ताटलीत ओळखायचं शिक्षण मला सरकारनं दिलं होतं.

ज्या गल्ल्यांत तेल पडलं तिथं यंदा हिवताप नाही. जो आहे तो तुमच्या गल्लीत, तुमच्या आडाभोवती. लोक म्हणतात, बायाक्का उपासानं गेल्या. काका म्हणतात, पुण्याई होती, व्रत पुरं करून गेली. मी प्रत्येकाला मान डोलावली. कागद खिशात आल्यापासून आठव्या गुरुवारी त्या गेल्या. मी मोजायला म्हणून आलो तेव्हा अंगणात माणसं होती. पाणी तापवायला कोणी आडावर गेलं तेव्हा मी ताटली पाठीमागं लपवली. ती का लपवली ते मला आजवर कळलेलं नाही.

तू गेल्यावर मी कागद सुताराला दिला. २७ ऑक्टोबरला झाकण बसलं. काकांची सही हवी होती. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणाले, "जयवंता, वाच गं काय लिवलंय." तू तिला वाचायला शिकवलंस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं कोण जाणे. तिनं मोठ्यानं वाचलं. आडाची खोली, झाकणाचं माप, जिवाणीच्या दारासकट सगळं. मधे एका ठिकाणी थांबली, आणि तारीख गाळून पुढं गेली. काकांनी सही केली. सुतार गेला.

ती आडापाशी आली. तापानं केस गळाले आहेत, पदर घट्ट ओढून घेते. म्हणाली, "बाबांस्नी तारीख वाचून दावली न्हाय मी."

मी सुताराचा पडलेला खिळा उचलला.

"तीन महिनं खिशात घालून फिरलासा. कशाला?"

मी म्हणालो, "गुरुवार बंद झाला असता."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. अप्पासाहेब, मला तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या. मारायला हवं होतं. मी रागीट माणूस, मला रागाची भाषा समजते. ती नव्या झाकणावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मी दर खेपेला विचारत हुतो. माझी आई आत कण्हत हुती आन मी तुम्हांस्नीच विचारत हुतो, कवा येनार म्हणून."

मग झाकणावरचा हात काढून, "अण्णाला तुम्हीच लिवा. मी लिवणार न्हाय. तुम्ही न्हाय लिवलंसा तरी मी गप बसीन. कोगनोळीला जाऊन बी गप बसीन. पर मी गप हाय, ह्ये तुम्हांस्नी म्हाईत असंल."

दहा दिवस मी लिहिलं नाही. त्या दहा दिवसांत ती दोनदा रस्त्यात दिसली. तिनं पाहिलं आणि ती गप्प होती.

नोकरी सोडून कंग्राळीला पळून जावं असं मनात आलं. कॉलेज असंच सोडलं होतं, रागारागानं, पायांत वारं भरल्यासारखं. आज राग शोधला तर सापडत नाही. साहेबांना खरी वही आणि खोटी वही दोन्ही दाखवायची आहेत, त्याआधी तुला सांगायचं होतं. ते ठेवतील तोवर इथंच राहीन. तुमच्या गल्लीतले आणखी एकोणीस आड उघडे आहेत. प्रत्येकाच्या झाकणाला जिवाणीचं दार ठेवतोय.

काकांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांगू नको म्हणालास तर मी आयुष्यभर बोलणार नाही. सांग म्हणालास तर त्यांच्यासमोर उभा राहून सांगेन, आणि माफीच्या दोन शब्दांवर थांबणार नाही. जयवंताला कोयनेल नियमानं चालू आहे, काका देतात. मी परसात जात नाही.

बायाक्कांनी तुझ्यासाठी केलेलं मेतकूट माझ्या खोलीत तसंच राहिलं होतं. पुण्याला जाणारा माणूस भेटला नाही असं नव्हतं, मी विसरलो. आज टपालानं वेगळं धाडलं आहे. ते तुझ्या आईच्या हातचं आहे. माझ्याकडून आलं म्हणून टाकू नकोस.

सोबत मंजुरीचा कागद जोडला आहे. तारीख वर उजव्या कोपऱ्यात आहे. घडीवर तो मळला आहे, तो मळ माझ्या खिशाचा.

इथलं टपाल गुरुवारी येतं. मी तुझ्या पत्रासाठी उभा राहीन. तुझं काही आलं नाही तरी पुढच्या गुरुवारी उभा राहीन.

मागच्या पत्रांखाली 'तुझाच' लिहिलं होतं. तेवढं खोडून टाक.

रवळू