डायोडने सिग्नल चढवला होता

प्रिय धाकट्या,

१२ एप्रिल, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुझ्या निरोप समारंभात तू माईक हातात घेतलास आणि दोनशे माणसांपुढे म्हणालास, "आमची ताई घरात आवाज चढवते तो चढवतेच, एकदा डायोडकडूनही सिग्नल चढवून घ्यायला निघाली होती." सभागृह हसलं. प्राचार्य हसले, तुझी बायको तोंडाला रुमाल लावून हसली. मी दुसऱ्या रांगेत होते. तुझ्यासाठी आणलेलं घड्याळ मांडीवर होतं, म्हणून वेळ इतकी नेमकी सांगता येते. ते घड्याळ मी परत घरी आणलं आहे, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.

विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पहिल्या वर्षाचा धडा द्यावा लागतो, याची मला लाज वाटते, पण देते. साधा डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. तो सिग्नल मोठा करत नाही, उलट थोडा खाऊनच पुढे पाठवतो. इथवर आपलं भांडण नाही. पण मी साधा डायोड म्हटलंच नव्हतं. टनेल डायोड म्हटलं होतं. एका छोट्याशा टप्प्यात त्याचं वागणं उफराटं असतं: विजेचा दाब वाढवला की प्रवाह कमी होतो. त्याला नेमका त्या टप्प्यात धरून ठेवला, की बारीक सिग्नल तो मोठा करून देतो. शक्ती बॅटरीची असते, डायोडची नव्हे. पण सिग्नल मोठा करणारा ट्रान्झिस्टर तरी स्वतःच्या खिशातून कुठे देतो? हा काही माझा शोध नाही, पुस्तकात आहे. मला फक्त तो प्रयोग आपल्या कॉलेजात, आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर करून दाखवायचा होता. प्रयोग पाहायला येणाऱ्या समितीला पटलं असतं तर नवी प्रयोगशाळा माझ्याकडे येणार होती. तसं कबूल झालं होतं.

आणि तो चालला होता. आठ महिने वाट पाहून मागवलेला एकुलता एक डायोड, आणि आपण दोघं स्टुलांवर. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आत जाणारी लाट बोटाच्या पेराएवढी आणि बाहेर येणारी तिच्या चौपट. तू माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालास, "ताई, हा तर चढला की गं." तुझे हेच शब्द होते.

समितीच्या आदल्या संध्याकाळी एक सांधा सुटला. मला आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून सर्किटचा डबा तुझ्या हाती दिला. सांगितलं, डायोडचा पाय चिमट्यात धरून सोल्डर कर, त्याला उष्णता सोसत नाही. तू म्हणालास, "आता मलाही शिकवणार? मी पण मास्तर आहे." सकाळी डबा स्क्रू पिळून टेबलावर तयार होता. मी तो उघडून पाहिला नाही. दुसऱ्या कोणाचा असता तर पाहिला असता.

समितीपुढे पडद्यावरची लाट चढलीच नाही, ते तू त्या खोलीत मागे उभा राहून पाहिलंस. समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बाई, डायोड आणि ट्रान्झिस्टर यांत फरक असतो." त्यानंतर तेवीस वर्षं मी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स तपासली. नवी प्रयोगशाळा दोन वर्षांनी सुरू झाली, तुझ्या हाताखाली.

आमच्या कॉन्व्हेंटात परीक्षानळी फुटली की फोडणारीने फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचं, अशी रीत होती. सिस्टर विचारायच्या नाहीत, नुसत्या खडू पुढे करून उभ्या राहायच्या. कितीही वेळ. मीही तशीच उभी राहिले, धाकट्या. कारण डबा मी त्याच दिवशी घरी उघडला होता. बारीकशा धातूच्या टोपीतल्या टनेल डायोडच्या जागी काचेचा साधा डायोड बसवलेला होता, खणात डझनाने पडलेले असतात त्यातला. जळलेला तू कुठे टाकलास, ते मला माहीत नाही. तुझी नोकरी पक्की व्हायला आठवडा होता, तुझ्या बायकोला सातवा महिना होता, आणि आई म्हणायची, लहान आहे, सांभाळून घे. मी सांभाळून घेतलं. वाटलं, येईल आणि सांगेल. घाबरून गप्प बसलास, ते मी समजू शकते. पण ज्या गोष्टीसाठी लपायला हवं होतं, तिच्यावर तू लोकांना हसवलंस.

आणि हे भाषणावर संपलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. काल कॉलेजच्या स्मरणिकेची कच्ची पानं शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आली, अजून माझ्याइतकं कोणाला येत नाही म्हणून. पान बावीसवर तुझा तो किस्सा छापलेला आहे, मथळा 'ताईंचा फसलेला प्रयोग'. मी त्यातल्या वेलांट्या सुधारल्या. बाकीचं सुधारणं तुझं काम आहे. ३० एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता पानं छपाईला जातात. त्याआधी त्या डब्यात काय घडलं, ते तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, लेखी माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, आणि मी पुन्हा सांभाळून घेईन.

तुझीच, अजून तरी,
ताई