चाळणीतली तार

८ जानेवारी
हर्ण्याहून रत्नागिरीत आलो एकदाचा! भाट्याच्या खाडीपलीकडे उत्खनन चाललंय, तिथे चाळणीवर लागलो. वेदिकाताई आमच्या साहेब, उत्खनन त्यांचंच. खणलेली माती पाण्यात चाळायची. उंदरांचे जबडे, बेडकांच्या तंगड्या, माशांचे मणके चिमट्याने उचलून पिशवीत भरायचे. आमच्याकडे हे काम मांजरं फुकट करतात, म्हटलं. सुरुवातीला खणणाऱ्या गड्यांतल्या केरूकाकांनी नारळ ठेवून जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणत होते. मधेच मी काकांचा आवाज काढून घुसवलं, तुझी हाडं आमाला दे, आमची तू घे! ओघात काकांसकट सगळे झोकात म्हणाले, व्हय महाराजा! हसून पोट दुखलं. काका तेवढे हसले नाहीत.

११ जानेवारी
कंबरडं मोडलं, हाताला चिखल्या पडल्या, पण उंदराचा साधा जबडा गावत नाही. वैतागून डब्यातल्या बांगड्याचा काटा चाळणीत टाकला. ताई धावत आल्या, हरखल्या, मग काट्याला हळद दिसली. परत असं केलंस तर दापोलीची एसटी धर, म्हणाल्या. आईला सांगून आलोय, या खेपेला काम टिकवणार. आता गप राहायचं.

१३ जानेवारी
आज खरंच गावलं. पुरुषभर खोल मातीतून बोटाचं हाडूक, आत स्टीलची तार. ताई भडकल्या. इतक्या जुन्या मातीत स्टील कुठून येणार? तूच टाकलंस. आईशप्पथ, नाय टाकलं! शेजारच्या चाळणीवरचा गौरव म्हणाला, शिमग्याला वेळ आहे, सोंगं आत्तापासून नकोत. डोकं फिरलं.
तशीच तार माझ्या डाव्या करंगळीत आहे. क्रिकेट खेळताना मोडली होती, तेव्हा घातलेली.

१४ जानेवारी
करंगळी मऊ झालीय. दुखत नाही. मागे वळते ती पार मनगटाला टेकते. ताईंना दाखवली. सर्कशीत जा, म्हणाल्या. कसं सांगू यांना —

१५ जानेवारी
चाळणीत आणखी दोन हाडकं. यांत तार नाही, म्हणून ताईंना खरी वाटली. माणसाची, जुनी. पहिल्यांदा शाबासकी दिली मला.
डावी मूठ वळत नाही.

१६ जानेवारी
काका म्हणाले, शब्द मागे घेऊ. ज्याने दिला त्यानेच नारळ धरायचा. धरवला नाही — घसरला, फुटला. काका लंगडत गेले. ‘व्हय’ तेही म्हणाले होते —

१७
ताईंचा फोन. जबडा गावलाय, माणसाचा, लवकर ये. बोलायला गेलो — नुसती लाळ. लिहूनच दाखवतो. ताई, मस्करी नाय हो, तो जबडा माझा — उजवा अंगठा पण आता वळ