हापशातलं विष, ट्यूबमधलं औषध

३ नोव्हें., लातूर
दवाखाना दुपारनंतर बंद ठेवला. बाबांच्या दातांचं माप घेतलं. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारी मी, आज मापाचा साचाच उलटा धरला. बाबा म्हणाले, "डिग्री खरी हाय ना?" माय हसली. गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरात कुणी पहिल्यांदाच हसलं असेल.
पुढच्या आठवड्यात नांदेडला शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू. शेकानं लाळ आटणार. लाळ गेली की दात हिरडीपासून किडतात, आणि शेक बसलेल्या जबड्यातला दात उपटायची सोय नाही, हाड भरून येत नाही. म्हणून दात किडूच द्यायचे नाहीत. दातांवर बसतील असे ट्रे करायचे, त्यात जेल, रोज, जन्मभर.
"कशाचं जेल?"
"सोडियम फ्लोराइड."
बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कशाचं म्हणलीस?"

४ नोव्हें.
भांडण. होणारच होतं.
आमच्या गावात, उमरीच्या पुढं, फ्लोराइड म्हणजे शिवी. हापशाच्या पाण्यानं निम्म्या गावाचे दात पिवळे, म्हाताऱ्यांची हाडं ताठ. आजी शेवटची कित्येक वर्षं जमिनीकडं बघतच चालली. मी लहानपणी तिच्याशी बोलायला खाली बसायची. बाबा शाळेत मास्तर. त्यांनीच ग्रामपंचायतीशी भांडून तो हापसा बंद पाडला, त्याच्यावर लाल फुली स्वतःच्या हातानं मारली. पोरांकडून पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे, फ्लोराइड विष आहे. मीपण म्हणलंय.
मी : पोटात रोज गेलं तर हाडात बसतं. दातावर लावून थुंकलं तर दातातच राहतं, दात घट्ट होतो. वस्तू एकच, जागा वेगळी.
बाबा : सगळं विष आधी तोंडातनंच जातं बाई.
मी : मग तंबाखू काय प्रसाद होता का?
नको होतं बोलायला. माय उठून आत गेली. थोड्या वेळानं बाबाच म्हणाले, "दुधानं पोळलेलं तोंड हाय आमचं. ताक फुंकून पिणारच की." मग म्हणाले, "लाव. पण विहारात कुणाला बोलू नको. मास्तर आता दाताला फ्लोराइड लावायलाय म्हणतील."

६ नोव्हें.
ट्रे छान बसले. मायला सगळं दाखवलं, कारण करणार तीच. ट्रेमध्ये जेलची बारीक रेघ, जास्त नको. पाच मिनिटं, मान पुढं झुकवून. सगळं थुंकायचं, गिळायचं नाही. नंतर अर्धा तास चूळ नाही, पाणी नाही, खाणं नाही. ट्यूब पेस्टच्या शेजारी ठेवायची नाही, शेजारची लेकरं येतात, गोड लागतं म्हणून चाटतील. आंबट जेलपण मिळतं, ते आणायचं नाही, कोरड्या तोंडाला सोसत नाही. आणि चुकून जास्त गिळलंच तर दूध पाजून मला लगेच फोन.
मायनं एकच विचारलं. "गिळलं तर दूध?"
"हाव."
"बरं."

२१ जाने., गावी
शेक संपून काही आठवडे झाले. तोंड आतून सोललेलं. बाबा वरणभात पाण्यात कालवून गिळतात, प्रत्येक घासाला डोळे मिटतात. बघवत नाही. पण ट्रे रोज लावतात. माय म्हणाली, "मी हाय ना. सगळं सांभाळून देऊन राहिले."
परत येताना बसमध्ये बरं वाटलं. किती दिवसांनी.

१५ मार्च
बाबा तपासायला लातूरला आले. खालच्या उजव्या दाढांच्या मुळाशी तपकिरी कडं. समोरचे दातही खडूसारखे. माझा विश्वास बसेना.
"लावता का खरंच?"
"लावतो."
"खोटं बोलू नका."
"मास्तर हाय मी."
ट्यूब बघितली, संपत आलेली. म्हणजे लावतात. मग का? जेल जुनं? उन्हात ठेवलं? चिडून नवीन ट्यूब दिली. कोणावर चिडले, माहीत नाही.

९ एप्रिल, गावी
आज समजलं.
सकाळी मी ओसरीवर. बाबांनी ट्रे काढला, थुंकले. माय पेला घेऊन शेजारी उभीच. दूध. बाबांनी घोट तोंडात घेतला, चांगला घोळवला, गिळला. दुसरा. तिसरा. मग दुपारी चिंचेचं पाणी. संध्याकाळी पुन्हा चिंचेचं पाणी.
विचारलं तर माय सरळ म्हणाली, "शिबिरात सांगितलं होतं की. तुझ्या आजीच्या वेळी. दूध, चिंच, आवळा घ्या, विष बाहेर पडतं. आन् तूच म्हणलीस, दूध."
दुधातलं कॅल्शियम जेलला दाताला धरूच देत नाही. आणि चिंच, लाळ नसलेल्या तोंडात, रोज दोनदा. दात विरघळवायचं ठरवलं असतं तरी याहून नीट जमलं नसतं. गोठ्यामागं जाऊन रडले.
बाबा मागून आले.
"तुम्हाला माहीत होतं, अर्धा तास काही घ्यायचं नाही."
"होतं."
"मग?"
"ती रडायची. माझ्या आईला हिनंच उचलून न्हाऊ घातलंय, पाठ सरळ होत नव्हती तर कुशीवर निजवून घास भरवलाय. हिला वाटायलं, या खेपेला आपण वाचवायलाव." मग म्हणाले, "दात कशानं गेले ते तिला सांगू नको. लई झालं तिचं."
मी मायला म्हणाले, नवीन गोळ्या आहेत, त्यांच्यावर दूध आणि चिंच चालत नाही. तिनं पेला पालथा घातला. एवढ्या सहज ऐकलं की मला माझीच लाज वाटली.

१२ मे, नांदेड
उजवी शेवटची दाढ रात्रंदिवस ठणकते. सरांनी, ज्यांनी गालाचं ऑपरेशन केलं, बराच वेळ एक्स-रे उजेडात धरला. मुळं ठेवून वाचवायचं तर तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नाही, मागं हात पोचत नाही. पू झालाय. "काढावी लागेल. तू डॉक्टर आहेस, तुला मी काय सांगू."
तेच तर. नुसती रुग्णाची मुलगी असते तर निदान काहीतरी आशा विचारली असती.
दाढ काढली. सरांचा हात फार हलका.

८ जून, गावी
दाढेचा खड्डा भरला नाही. आरशानं पाहिलं, खाली हाड दिसतं. पिवळट, कोरडं. बाबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही.
मायनं विचारलं. सांगितलं. ती चुलीजवळ बसली.
"गेलंच ना शेवटी हाडात?"
तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
"दूध होतं तोवर काही नव्हतं. तू दूध बंद केलंस आन् हाड उघडं पडलं. माझ्या सासूचं खाल्लं, आता यांचं." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.
नवीन ट्यूब सापडेना. ती उकिरड्यात निघाली, ट्रेसकट.

९ जून
गावात पसरलं. किराणा दुकानात म्हणे, "पोरीनं बापाला फ्लोराइड लावलं." मला काय म्हणायचं ते म्हणा. पण बाबांचे बाकीचे दात अजून तोंडात आहेत. तेही किडतायत. आता जेल थांबलं तर एकेक करून तीच गत, आणि प्रत्येक दातामागं एकेक खड्डा. सरांनी फोनवर सांगितलं, उजवा जबडा कदाचित वाचेल, कदाचित कापावा लागेल, पण बाकीचे दात हातचे जाऊ देऊ नको.
म्हणजे मायला पटवायचं, की जेल विष नव्हतं. तिचं पहिलं विचारणं ठरलेलं आहे, मग दात गेले कशानं?
मी बाबांना म्हणाले, मायला सांगावं लागेल. त्यांनी मान भिंतीकडं केली. "हाड माझं हाय. मला नाय सांगायचं." मी म्हणाले, मग दातही तुमचेच, पण सांभाळायचे मला.

१० जून, सकाळ
ट्रे उकळत्या पाण्यात टाकले असते तर वाकडे झाले असते, साबणानं घासून साध्या पाण्यानं धुतले. लातूरहून आणलेली दुसरी ट्यूब पर्समध्ये होती. बारीक रेघ भरली. बाबा पलंगावर उठून बसले, नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.
माय दारात. हातात पेला, दूध तापवून आणलेलं, वर साय आलेली.
"पुन्हा तेच लावतीस?"
"हाव."
"मग हे मी देणार. तू काही म्हण."
बाबा माझ्याकडं बघायला लागले. वर्गात चुकलेल्या पोराकडं कधी असं बघितलं नसेल त्यांनी. विनवणी होती ती, सांगू नको म्हणून.
मी ट्रे ताटलीत ठेवला. मायच्या हातातला पेला घेतला, गरम होता, खाली ठेवला. म्हणाले, "माय, इथं बस जरा माझ्याजवळ."
ती बसली.